वाळूचें ऋण

आपण कोणाचें काय देणें लागतों, हा प्रश्न वरवर पाहतां अगदीं सोपा वाटतो. ज्याच्याकडून वस्तु घेतली त्यास तिचें मोल चुकतें केलें, पावती घडी घालून ठेविली, कीं आपण ऋणमुक्त झालों, असें बहुतेक सर्वच सज्जन समजतात. आम्हीही कांहीं वर्षांपूर्वींपर्यंत असेंच समजत होतों. ही समजूत आमच्या मनांतून कशी ढळली, हें सांगण्यासाठीं आधीं केळशीची थोडी हकीकत सांगणें प्राप्त आहे.

रत्नागिरी जिल्ह्यांतील दापोली तालुक्यांत, भारजा नदी जेथें समुद्रास मिळते तेथें, केळशी हें गांव आहे. नारळीपोफळींच्या वाड्या, त्यांच्यामधून जाणाऱ्या जांभ्या दगडाच्या पाखाड्या, महालक्ष्मीचें देऊळ, याकूबबाबांचा दर्गा आणि किनाऱ्यावरील सुरूचें बन, हें या गांवाचें रूप. खाडीच्या मुखाजवळ वाळूची एक मोठी टेकडी आहे. डेक्कन कॉलेजचे डॉ. अशोक मराठे यांनीं तिचें संशोधन करून ती एखाद्या जुन्या प्रचंड सागरलाटेनें उभी केली असावी, असें मत मांडलें होतें. अशा ठिकाणीं वाळूसाठीं कोणास पैसे मोजावे लागत असतील, हें परक्यास खरें वाटणार नाहीं. परंतु समुद्रकांठची वाळू बारीक व खारी. ती भिंतीस चालत नाहीं. भिंतीस खाडीच्या वरल्या अंगाची, नदीनें आणलेली जाड वाळू लागते.

३ जून २०२० रोजीं ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढलें आणि त्याचा तडाखा दापोली-मंडणगडच्या गांवांसही बसला. तासा-दोन तासांत पिढ्यान्‌पिढ्यांच्या वाड्या आडव्या झाल्या. आमच्या वडिलार्जित घराचीं कौलें उडालीं व पडवीची भिंत एका माडाखालीं गाडली गेली. पुढल्या हिंवाळ्यांत दुरुस्ती काढली, तेव्हां पांच ब्रास वाळू लागली. ती एके दिवशीं उजाडण्यापूर्वीं येऊन पडली, आणि भाव बाजारापेक्षां उतरता पडला. ती कोठून आली हें आम्हीं विचारलें नाहीं. विचारावेंसें वाटलेंच नाहीं, असें म्हटलें तर तें खोटें होईल. विचारल्यास भाव चढेल असें वाटलें, हें खरें.

भिंत उभी राहत असतां उत्तरेकडील एका खाडीकांठच्या वाडींत राहणारे आमचे एक वयोवृद्ध स्नेही समाचारास आले. त्यांनीं ढिगांतील मूठभर वाळू हातांत घेतली, बोटांतून गाळली आणि म्हणाले, “वाळू चांगली मिळाली तुम्हांस. आमच्याकडची दिसते.”

आम्हीं विचारलें, “ओळखतां कशी?”

“जन्म गेला तिच्यावर पाय देऊन. आतां आमच्याकडे ती उरली नाहीं. कांठची वाट खाडींत गेली, सात माड गेले, विहिरीचें पाणी मचूळ झालें.” आणि थोडें थांबून म्हणाले, “तुम्हांस स्वस्त पडली असेल.”

त्यांच्या बोलण्यांत टोमणा नव्हता. म्हणूनच तें वाक्य आमच्या मनांतून गेलें नाहीं. वाळू आम्हांस स्वस्त पडली होती, कारण तिच्या किंमतीचा एक भाग ते भरीत होते.

अर्थशास्त्रांत या गोष्टीस ‘बाह्य परिणाम’ म्हणतात. विकणारा व घेणारा असे दोघे मिळून सौदा करितात. दोघेही संतुष्ट होतात. परंतु सौद्याचा कांहीं भार अशा तिसऱ्यावर पडतो, कीं ज्यास कोणीं विचारलेलें नसतें. खाडीच्या तळांतून प्रमाणाबाहेर वाळू काढली म्हणजे तळ खोल जातो. तळ खोल गेला म्हणजे कांठ आधार सुटून ढासळतो. भरतीचें खारें पाणी पूर्वींपेक्षां आंत चढतें. विहिरी मचूळ होतात, कांठची भातखाचरें खारावतात. मासळीच्या वाढीच्या जागा मोडतात आणि ओहोटीच्या वेळीं तिसऱ्या वेंचणाऱ्या बायका रिकाम्या टोपल्या घेऊन परततात. यांतील एकही रकम वाळूच्या भावांत धरलेली नसते. भाव खोटा असतो, आणि खोट्या भावावर मनुष्य आवश्यकतेपेक्षां अधिक वस्तु घेतो. यांत कोणी दुष्ट असावाच लागतो असें नाहीं. सर्वजण आपापल्या परीनें भले असूनही हा अन्याय सुखेनैव चालतो, हेंच त्याचें भयंकर वैशिष्ट्य होय.

बाह्य परिणाम नेहमीं वाईटच असतो, असें मात्र समजूं नये. वादळाच्या दिवशीं आमच्या घराची मागली बाजू वांचली, ती शेजाऱ्याच्या दाट वाडीनें वारा झेलला म्हणून. त्या आडोशाचें भाडें आम्हीं त्यांस कधींही दिलें नव्हतें. केळशीच्या उत्तरेस वेळास येथें चिपळूणच्या ‘सह्याद्रि निसर्ग मित्र’ या संस्थेनें २००२ सालीं समुद्रकासवांच्या रक्षणाचें काम आरंभिलें. घरटीं राखण्यासाठीं जे गांवकरी रात्री जागवितात, त्यांच्या श्रमाचें फळ साऱ्या समुद्रास मिळतें. पुढें पिलें समुद्रांत सोडण्याचा सोहळा पाहण्यास लोक येऊं लागले, गांवच्या घरांत उतरूं लागले, आणि त्या जागरणाचें थोडें मोल गांवांत परत आलें. जें काम फुकट घेतलें जात होतें त्याचा मोबदला देण्याची वाट सांपडली, तर चांगल्या बाह्य परिणामाचीही दुरुस्ती होते, ती अशी.

वाईट परिणामांची दुरुस्ती कशी करावी, याविषयीं विद्वानांनीं निरनिराळे मार्ग सांगितले आहेत. पहिला मार्ग केंब्रिजचे प्राध्यापक पिगू यांचा. त्यांनीं १९२० सालीं प्रसिद्ध केलेल्या कल्याणाच्या अर्थशास्त्रावरील ग्रंथांत आगगाडीच्या इंजिनांतून उडणाऱ्या ठिणग्यांनीं आजूबाजूच्या रानांचें जें नुकसान होतें, त्याचा दाखला दिला आहे. असें नुकसान करणाऱ्यावर त्या मापाचा कर बसवावा, म्हणजे तो आपला खरा खर्च ओळखील, हें त्यांचें तत्त्व. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेंही १९९६ सालीं वेल्लोरच्या चर्मोद्योगाच्या खटल्यांत, जो दूषित करील त्यानेंच भरपाई करावी, हें तत्त्व या देशाच्या कायद्याचा भाग म्हणून मान्य केलें.

तत्त्व निर्विवाद आहे. परंतु वाळूस लावून पाहतां दोन अडचणी दिसतात. वाळूवर शासन स्वामित्वधन घेतें, तें तिजोरींत जातें. ज्याचा माड गेला त्याच्या अंगणांत तें पोहोंचेलच असें नाहीं. खाणींमुळें बाधित झालेल्यांसाठीं जिल्हा खनिज प्रतिष्ठानें स्थापण्याची तरतूद २०१५ सालीं कायद्यांत करावी लागली, तीच मुळीं ही उणीव ध्यानांत आल्यामुळें. दुसरी अडचण याहून खोल आहे. कर भरला म्हणजे कृत्य करण्याचा अधिकार विकत मिळाला, असें मनुष्यास वाटूं लागतें. दंड सांगतो, ‘हें करूं नको’; किंमत सांगते, ‘कर आणि पैसे टाक’. एकाच रकमेचे हे दोन अर्थ आहेत, आणि धनवानाच्या हातीं पहिल्याचें रूपांतर दुसऱ्यांत होण्यास वेळ लागत नाहीं.

दुसरा मार्ग रोनाल्ड कोस यांनीं १९६० सालीं दाखविला. त्यांनीं लंडनचा १८७९ सालचा एक खटला चर्चेस घेतला. एका हलवायाचे खल-बत्ते वर्षानुवर्षें चालत होते; शेजारच्या वैद्यानें त्याच भिंतीलगत रोगी तपासण्याची खोली बांधली आणि मग आवाजाची तक्रार केली. न्यायालयानें वैद्याच्या बाजूनें निकाल दिला. कोस म्हणतात, उपद्रव नेहमीं दुहेरी असतो: हलवायास थांबविणें हीही एक इजाच. हक्क कोणाचा हें एकदां ठरलें, आणि बोलणें करण्यास खर्च येत नसला, तर दोघे आपसांत देवघेव करून जें अधिक मोलाचें तेंच चालूं ठेवतील. हा विचार आम्हांस फार उपयुक्त वाटतो, कारण तो ‘जुलमी’ आणि ‘पीडित’ या ठरीव सोंगांच्या पलीकडे पाहावयास लावतो. वाळू काढणाऱ्या मजुरासही पोट आहे, आणि पडलेलें घर बांधूं नये असें आम्हांसही कोणी म्हणणार नाहीं.

परंतु ‘बोलणें करण्यास खर्च येत नसला तर’ या शब्दांत सारी मेख आहे, आणि कोस यांनीं स्वतःच ती दाखवून दिली आहे. हलवाई आणि वैद्य यांच्यामध्यें एक भिंत होती. खाडीकांठचीं शेंकडों कुटुंबें आणि कोठल्या तरी शहरांत खोली घेणारा मनुष्य यांच्यामध्यें किती भिंती आहेत? शिवाय ज्यांची विहीर उद्यां मचूळ होणार तीं मुलें अद्यापि जन्मासच आलेलीं नाहींत. त्यांच्या वतीनें सौद्यास कोणी बसावयाचें?

तिसरा मार्ग बंदीचा. अलिबागजवळ किहीम येथें वाळूउपसा अडवूं पाहणाऱ्या सुमेरा अब्दुलअली यांच्यावर २००४ सालीं हल्ला झाला. पुढें त्यांच्या संस्थेनें उच्च न्यायालयाकडे दाद मागितली, आणि २०१० सालीं मुंबई उच्च न्यायालयानें राज्यांतील वाळूउपशास मनाई केली. २०१२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें लहान क्षेत्रांतील उपशासही पर्यावरणविषयक परवानगी आवश्यक ठरविली. जेथें झालेली हानि भरून येण्याजोगी नाहीं, तेथें बंदीच योग्य, असें आमचें मत आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं महाडजवळ सावित्रीवरील जुना पूल पुरांत वाहून गेला व अनेक प्रवासी प्राणांस मुकले. तेव्हां कारणांच्या चर्चेंत वाळूउपशाचेंही नांव निघालें होतें. तें कितपत खरें हा भाग निराळा. पण नदीचा तळ आणि माणसाचा जीव यांचा संबंध आहे, एवढें त्या रात्रीनंतर कोणासही सांगावें लागलें नाहीं. तथापि मागणी तशीच ठेवून केलेली बंदी वस्तूला दिवसाच्या बाजारांतून उचलून रात्रीच्या बाजारांत नेते. आमची वाळू उजाडण्यापूर्वीं आली होती, हें वाचकांच्या ध्यानांत असेलच.

चौथा मार्ग एलिनॉर ऑस्ट्रम या विदुषींनीं १९९० सालच्या आपल्या ग्रंथांत मांडला. त्याबद्दल त्यांस २००९ सालीं अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिकही मिळालें. स्वित्झर्लंडमधील डोंगरी कुरणें, स्पेनमधील पाटबंधारे अशा सामायिक वस्तू तेथील लोकांनींच नियम करून शतकानुशतकें टिकविल्या, हें त्यांनीं दाखविलें. आमच्या खाड्यांत हातपाटीनें वाळू काढणारा बुडी मारी, पाटी भरी, वर येई. त्याच्या छातींत मावेल तेवढ्या दमानें उपशास मर्यादा पडे. आणि तो कांठावरच राहणारा असल्यामुळें मचूळ विहिरीचें पाणी त्याच्याही घरांत येई. सक्शन पंपाला दम लागत नाहीं, आणि त्याचा धनी बहुधा त्या विहिरीचें पाणी पीत नाहीं. मात्र गांव म्हणजे केवळ सद्गुणांचें माहेर, असें मानण्याचेंही कारण नाहीं. पैसे घेऊन वाट मोकळी करून देणारे हात गांवांतही असतात. गांवाचा नियम टिकतो तो गांव भोळें असतें म्हणून नव्हे, तर तेथें लाभ आणि हानि एकाच उंबऱ्यांतून आंत येतात म्हणून.

यांतूनच आम्हांस वाटतें तें सांगतों. जें प्रमाणांत करण्यास हरकत नाहीं, त्यावर कर असावा, आणि त्याचा पैसा ज्यास झळ लागली त्याच्या दारीं जावा. जेथें दोघे एका ओटीवर बसूं शकतात, तेथें बोलणें व्हावें. जें परत येत नाहीं, तेथें बंदी असावी. या तिन्हींच्या मुळाशीं मात्र एक गोष्ट आहे, जी कोणताही कायदा आपल्या वतीनें करूं शकत नाहीं: ती म्हणजे ‘ही वस्तु कोठून आली?’ असें विचारणें. कोणी म्हणेल, एका ग्राहकाच्या विचारण्यानें खाडी थोडीच भरून येणार? खरें आहे, नाहीं येणार. दगड दळून केलेली वाळू घ्यावी, तर कोठें तरी डोंगर फुटतो व कोणाच्या तरी घरांत धूळ जाते. खर्च नाहींसा होत नाहीं. तो फार तर उघड्यावर येतो. परंतु जो खर्च उघड्यावर आला त्याविषयीं माणसें भांडूं शकतात, ठरवूं शकतात, कमी घेऊं शकतात. जो अंधारांत राहिला, तो नेहमीं दुबळ्याच्याच माथीं बसतो.

भरपाईनें ऋण फिटतें कीं नाहीं, या मूळ प्रश्नाचें उत्तर आम्हांस पुरतें सांपडलें आहे असें नाहीं. त्या स्नेह्यांस आम्हीं पुढें पैसे देऊं केले. त्यांनीं ते घेतले नाहींत. उलट त्यांस वाईट वाटलें. “सात माडांचे पैसे तुम्ही एकटे कसे देणार? तुमच्या भिंतींत माझा एक माड असेल, बाकीचे आणखी कोणाच्या,” असें म्हणून ते हंसले. त्यांचें गणित बिनचूक होतें. बाह्य परिणामाचा अपराध इतक्या जणांत वांटला जातो, कीं प्रत्येकास आपला वांटा शून्य वाटतो, आणि बेरीज मात्र एका वाडीएवढी होते.

पडवीची भिंत आतां वाळून पांढरी झाली आहे. घराच्या हिशेबाच्या वहींत त्या पांच ब्रास वाळूची रकम आम्हीं ‘चुकती’ म्हणून लिहिली होती. तो शब्द आम्हीं खोडला आहे. त्या जागीं काय लिहावें, तें अद्यापि ठरलेलें नाहीं.