न आलेला पेशंट

पवनी तालुक्यातल्या आमच्या आसगावात रोवणी सुरू झाली की आजारपण संपते. निदान दवाखान्याचे रजिस्टर तरी तसेच म्हणेल. चिखलात वाकलेल्या बाईला ताप नसतो असे नाही. धान लावून होईस्तोवर तापाकडे बघायला तिला सवड नसते, एवढेच.

आमचा कॉम्प्युटरवाला भाचा परवा म्हणाला, "मामा, कृत्रिम बुद्धिमत्तेला जुनी रजिस्टरं द्या. कोणत्या दिवशी किती पेशंट येतील, किती नर्सा लागतील, सगळं सांगते!"

सांगत असेल बापडी. गर्दीच्या दिवशी जादा नर्स मिळाली तर कोणाला नको आहे? पण ऐन रोवणीत ही बाई नर्सला दुसरीकडे धाडायची, आणि हिशेब मात्र चोख!

अमेरिकेत असे घडलेच. उपचारांवरच्या खर्चावरून आजार मोजणारे एक यंत्र तिथे होते. कृष्णवर्णीयांवर खर्चच कमी होत असे, म्हणून त्याने त्यांना कमी आजारी ठरवले. २०१९ साली संशोधकांनी ही भानगड उघडकीस आणली.

"माझंच घे," मी म्हटले. "गुडघा ठणकतोय, पण दवाखान्यात गेलो नाही. तुझ्या यंत्राच्या लेखी मी ठणठणीत!"

भाचा जरा गप्प झाला. मग खिशातून पेन काढून म्हणाला, "कधीपासून दुखतोय?"