सामायिक विश्वाची स्मृती आणि ‘घडले’ या क्रियापदाचा अर्थ

अनेकांनी मिळून खेळावयाच्या संगणकीय खेळात एखादी घटना ‘घडली’ असे नेमके केव्हा म्हणावयाचे? प्रश्न वरवर तांत्रिक आहे; परंतु त्याची जातकुळी संहितेच्या अस्तित्वाविषयीच्या जुन्या प्रश्नाचीच आहे. ‘माइनक्राफ्ट’ या खेळात विश्वाची अधिकृत प्रत सर्व्हरपाशी असते. खेळाडूच्या पडद्यावर दिसते ती तिची प्रतिमा. सर्व्हरदेखील हे विश्व तात्पुरत्या स्मृतीत वागवतो आणि साधारणतः दर ६००० टिकांनी, म्हणजे ५ मिनिटांनी, ते डिस्कवर उतरवतो. चौथ्या मिनिटाला वीज गेली, तर दोघांनी नुकतीच बांधलेली भिंत पुन्हा उभी राहत नाही. ती बांधल्याचे दोघांनाही आठवते. विश्वाला आठवत नाही. त्या दोघांचे स्मरण खोटे ठरविणे सोपे आहे. ते न्याय्य आहे काय, हा खरा प्रश्न.

मूळ खेळात इतरांनी घातलेली भर म्हणजे मॉड. मॉडकर्त्यापुढे दोन प्रकारच्या नोंदी असतात. कोणत्या खेळाडूच्या झोळीत काय आहे, ही एकेकट्याची नोंद. आणि गावाचा खजिना, दोन गटांतील तह, एकदाच व कायमचे उघडलेले दार, ही सर्वांची मिळून एक नोंद. या दुसऱ्या, ‘ग्लोबल’ म्हटल्या जाणाऱ्या नोंदीच्या व्यवहारातील दोन तपशील तत्त्वचिंतकाने दुर्लक्षू नयेत असे आहेत. ‘फोर्ज’ या मॉडरचनेत नोंद बदलली एवढ्याने ती जतन होत नाही. ती बदलल्याची खूण मॉडकर्त्याने वेगळी करावी लागते. परिभाषेत तिला ‘डर्टी’ म्हणतात. ही खूण राहिली तर बदल खेळाडूंच्या डोळ्यांदेखत घडतो आणि सर्व्हर पुन्हा सुरू होताच न घडलेला होतो. दुसरा तपशील असा की, या खेळातील मूळ भूमी, नेदर आणि एंड या तिन्ही जगांची दप्तरे निरनिराळी आहेत. त्यामुळे सार्वत्रिक म्हणावयाची नोंद प्रत्यक्षात मूळ भूमीच्या दप्तरात ठेवण्याची रूढी आहे. सार्वत्रिकालाही पत्ता लागतो. याक देरिदा यांनी १९९५च्या आपल्या ग्रंथात अभिलेखागाराची व्युत्पत्ती ग्रीक शासकाच्या घरापर्यंत नेली, ती याच कारणासाठी: जतन करणे म्हणजे कोणाच्या तरी घरी, कोणाच्या तरी अधिकाराखाली ठेवणे.

हा अधिकार वऱ्हाडाला अपरिचित नाही. अकोला जिल्ह्यातील बार्शीटाकळीचे कालंका देवीचे मंदिर आणि तेथील शके १०९८चा शिलालेख (इ.स. ११७६) हे या अधिकाराचे दगडातील रूप होय. शिलालेख ही एकदाच लिहावयाची नोंद. शासक, काल, देवालय, दान एवढेच सामान्यतः अशा लेखांच्या कक्षेत येते. दगड घडविणारे हात येत नाहीत. ते हात खोटे नव्हते. त्यांच्यावर ‘बदलले’ अशी खूण कोणी केली नाही, इतकेच.

याच वऱ्हाडात, अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे, त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी जतनाची अगदी निराळी रीत आकाराला आली. चक्रधरस्वामींच्या प्रयाणानंतर म्हाइंभटांनी, ज्यांनी ज्यांनी लीळा पाहिल्या-ऐकल्या होत्या त्यांना गाठून आठवणी मिळविल्या आणि नागदेवाचार्यांकडून पारखून घेतल्या. शके १२००च्या सुमारास सिद्ध झालेली ही ‘लीळाचरित्रा’ची मूळ प्रत पुढे खिलजीच्या सैन्याच्या धाडीत गेली, असे परंपरा सांगते. अनुयायांनी ती स्मरणातून पुन्हा उभी केली. अधिकृत प्रत नष्ट झाली तेव्हा विश्व ‘खेळाडूं’च्या ठायी शिल्लक होते. स्मरणे अर्थातच जुळली नाहीत. पण महानुभावांनी त्यांतील एक खरे आणि बाकीची रद्द, असा निवाडा सरसकट केला नाही. पाठभेदाला ‘वासना’ असे नाव देऊन तो संहितेतच ठेवला; पाठ कोणाचा, हेही नोंदले. मराठी पाठचिकित्सेला आपला प्रारंभ शोधण्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही.

सर्व्हरला वासना मान्य नाही. तो बहुधा स्थिती जतन करतो, कृती नव्हे: दार उघडे आहे, एवढेच, कोणी उघडले, कोणी अडविले, कोणाला ते बंदच हवे होते, हे नाही. २०१२ साली ‘आर्मा २’ या खेळावरील ‘डे-झेड’ या मॉडने पात्राची नोंद एका मध्यवर्ती साठ्यात ठेवली. खेळाडू सर्व्हर बदलून गेला तरी त्याचा देह आणि पाठीवरचे सामान त्याच्यासोबत जाई. त्याने ठोकलेला तंबू मात्र जुन्याच सर्व्हरवर राही. व्यक्ती सर्वत्र, तिचे घर एकाच ठिकाणी! निर्वासिताच्या स्थितीची इतकी नेमकी आकृती कोणी हेतुपुरस्सर काढली नसेल.

म्हणून मॉडकर्ता जेव्हा जतन करावयाच्या गोष्टींची यादी ठरवतो, तेव्हा तो साठवणुकीची सोय पाहत नसतो. सामायिक जीवनात साक्ष कोणाची धरावयाची याचा निर्णय करीत असतो. सगळेच ठेवता येत नाही, हा आक्षेप खरा आहे. कृतींची नोंदवही स्थितीच्या नोंदीपेक्षा फार वेगाने फुगते आणि कधीतरी छाटावीच लागते. पण छाटणी करणाऱ्याने काय छाटले ते तरी सांगावे, एवढी अपेक्षा अवाजवी नाही. कर्त्याचे नाव व वेळ एवढे स्थितीशेजारी लिहिण्यास फारशी जागा लागत नाही.

याहून अवघड प्रश्न उलट बाजूने येतो. सर्वांच्या नावे ठेवलेले सर्वांना दिसलेच पाहिजे काय? महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत उतरवले. विसाव्या शतकाच्या प्रारंभी वि. का. राजवाडे यांनी या लिपीची उकल करीपर्यंत ते पंथाबाहेरच्या वाचकाला जवळजवळ बंद होते. ज्या स्मृतीने धाडीनंतर एवढ्या जणांकडून ग्रंथ पुन्हा गोळा केला, तिनेच तो मिटूनही ठेवला. आणि पुढच्या अभ्यासकाने उघडला, तो पंथाला विचारून नव्हे.