दवंडी आणि यंत्रवाणी

१८९५ सालीं शाहू छत्रपतींनीं वसविलेल्या आमच्या शाहूपुरीस पंचगंगेच्या पुराचें भय नवें नाहीं. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांस पोंचलें कीं इशारा आणि ४३ फुटांस धोका, हे आंकडे कुंभार गल्लींतील पोराबाळांसही पाठ असतात. कारण पावसाळा हाच गणेशमूर्ति घडविण्याचा काळ, आणि कच्च्या मूर्ति हलविण्यास अवधि लागतो. २०१९ च्या ऑगस्टांत पाणी ५५ फुटांवर गेलें, तें आम्ही विसरलों नाहीं.

पूर्वीं अशी वार्ता दवंडीनें येई. आतां ती मोबाईलवर येते. संगणकास एकदां आज्ञावली लिहून दिली कीं पुढील सर्व काम आपोआप घडवितां येतें. आंकडा ठराविक रेषेस लागतांच ठरीव मजकूर हजारों नंबरांवर सुटतो, मुद्रित आवाजाचा फोन घरोघर वाजतो, कोणी न उचलल्यास पुनः वाजतो, आणि वहींत 'पोंचला' अशी नोंद पडते. दवंडीवाल्यास रात्रभर फिरून जें साधत नसे, तें येथें कांहीं क्षणांत साधतें. या साधनाची निंदा करणें कृतघ्नपणाचें होईल.

आमचा प्रश्न निराळा आहे. संदेश पोंचला, एवढ्यानें सांगणाराचें कर्तव्य संपतें काय?

आमच्या शेजारच्या एका वृद्ध बाईंनीं असा फोन उचलला. पाणी वाढत आहे, सुरक्षित स्थळीं जावें, असें यंत्र बोललें. "कोण बोलतंय रं? आन् जायाचं कुठं?" बाईंनीं विचारलें. यंत्रानें तेंच वाक्य पुनः म्हटलें. अखेर गल्लींतील एका मुलानें त्यांस हाताला धरून नेलें. वहींत मात्र तो संदेश आधींच पोंचला होता.

कोणी म्हणेल, नभोवाणीसही प्रश्न विचारतां येत नव्हता. खरें, पण नभोवाणी आमच्या नांवानें दार ठोठावीत नसे. फोन ठोठावतो. शिवाय याच दारानें कर्ज विकणारे येतात, जागा विकणारे येतात. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१८ सालच्या विनियमांनीं अशा व्यापारी प्रेषकांस आपलें नांव व मजकुराचा नमुना नोंदविणें भाग पाडलें, हें योग्यच झालें. तथापि नोंदलेला उपद्रवही उपद्रवच असतो. दहा वेळां व्यर्थ बोलाविलेला मनुष्य अकराव्या वेळीं उठत नाहीं, आणि अकरावी हाक पुराची असूं शकते. बोलणाराचा खर्च जवळजवळ शून्यावर आला, तेव्हां तो ऐकणाराच्या अवधानावर पडला. अवधान हा गांवाचा पाणवठा आहे; आपल्या लाभासाठीं तो गढूळ करणारा शेजाऱ्याचा अपराधी होय.

म्हणून आमचें मत असें कीं, ज्याला सहस्रांशीं एका क्षणांत बोलण्याचें सामर्थ्य लाभलें, त्यानें एकाचा उलट प्रश्न ऐकण्यासाठीं एक तरी जिवंत माणूस फोनवर बसविला पाहिजे. दवंडीवाल्याची हलगी आतां नको असेल, पण त्यास थांबवून "कुठं जायचं?" असें विचारतां येत असे, ती सोय आम्हांस अजून हवी आहे.