अलीकडे, पलीकडे

सांगलीहून तासगावकडे निघालेल्या एसटीत माधवनगर कुठे येते असे विचारले, तर उत्तर मिळते, ‘बुधगावच्या अलीकडे.’ संध्याकाळी तीच एसटी परत फिरते आणि तेच माधवनगर बुधगावच्या पलीकडे जाते. गाव जागचे हललेले नसते. रस्ता तोच आणि अंतरही तेवढेच. तरीही दोन्ही उत्तरे खरी असतात. मग गावाचे ठिकाण गावात असते, की विचारणाऱ्याच्या वाटेत?

प्रश्न जुना आहे. आज तो नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये रोज सोडवावा लागतो. तिथे ठिकाण सांगण्याच्या दोन रीती आहेत. पहिली अक्षांश-रेखांशाची. ती पृथ्वीच्या पाठीवर बिंदू ठेवते, त्या बिंदूवरून कोण कुठे चालला आहे याच्याशी तिला कर्तव्य नाही. दुसरी रीत रस्त्यावरूनच मोजते: अमुक रस्ता, त्याच्या आरंभापासून अमुक अंतर. सार्वजनिक बांधकाम खात्याच्या कागदावर हीच भाषा चालते. राज्यमार्ग, प्रजिमा (प्रमुख जिल्हा मार्ग), इजिमा (इतर जिल्हा मार्ग), ग्रामीण मार्ग, आणि पुढे ‘कि.मी. 4/200 ते 6/800’. या मोजणीला खात्यात साखळी क्रमांक म्हणतात, कारण ती खरोखरच साखळीने होत असे. सतराव्या शतकात एडमंड गुंटरने रूढ केलेली साखळी 66 फुटांची आणि शंभर कड्यांची होती. साखळी गेली, शब्द राहिला.

संगणकात रस्त्याची रेषा एकदाच काढतात आणि तिच्या प्रत्येक वळणबिंदूला आरंभापासूनचे अंतर चिकटवतात. मग डांबर कुठून कुठपर्यंत, रुंदी किती, मोरी कुठे, अपघात कुठे, हे सगळे वेगवेगळ्या तक्त्यांत राहते. प्रत्येक नोंदीला रस्त्याचे नाव आणि एक-दोन आकडे पुरतात, रेषेचे तुकडे करावे लागत नाहीत.

या दुसऱ्या रीतीकडे कमअस्सल म्हणून पाहण्याची सवय आहे. खरे ठिकाण उपग्रह सांगतो आणि किलोमीटरचा दगड ही माणसाची सोय, असे वाटते. वैशेषिक दर्शनाच्या विचारवंतांनी या समजाला आधीच हरकत घेऊन ठेवली आहे. कणादाच्या परंपरेत नऊ द्रव्ये मानली जातात, त्यांत ‘दिक्’, म्हणजे दिशा, हे एक. दिक् एकच आहे, नित्य आहे, सर्वत्र आहे. पूर्व-पश्चिम हे तिचे तुकडे नव्हेत, सूर्याच्या उगवण्या-मावळण्याच्या उपाधीने आलेले ते व्यवहार आहेत. आणि चोवीस गुणांच्या यादीत या विचारवंतांनी परत्व आणि अपरत्व यांना जागा दिली. म्हणजे पलीकडेपण आणि अलीकडेपण. लाल रंग जसा वस्तूचा गुण, तसे हेही वस्तूचेच गुण.

हे गुण उत्पन्न कसे होतात, याचे वैशेषिक भाष्यकार प्रशस्तपाद यांच्या परंपरेतले उत्तर बांधकाम खात्याच्या माणसाला लगेच पटेल. पाहणारा आणि वस्तू यांच्यामध्ये एकाला एक लागून असलेले संयोग जास्त असतील तर परत्व, कमी असतील तर अपरत्व. कडीला कडी! शिवाय ते मोजायला अपेक्षाबुद्धी लागते, म्हणजे ‘याच्यापेक्षा ते’ अशी तुलना करणारे मन. ती बुद्धी संपली की तो गुणही संपतो. तरी हे दर्शन त्या गुणाला भ्रम म्हणत नाही. पाहणाऱ्यावाचून न उपजणारी, पण पाहणाऱ्याच्या मर्जीवर न चालणारी, अशी ही वास्तवता आहे. 1715-16 साली लायबनिझ आणि न्यूटनचा पक्ष मांडणारा क्लार्क यांच्यात पत्रांतून वाद झाला, तो अवकाश स्वतंत्र आहे की केवळ संबंधांचे जाळे आहे यावर. वैशेषिकांनी यातली एकच बाजू निवडली नाही. दिक् स्वतंत्र आणि परत्व संबंधातून उपजलेले, अशी दोन्हींना त्यांनी जागा दिली.

प्रत्यक्ष रस्ता मात्र या चर्चेला आणखी खोल नेतो. समजा, एक वेडेवाकडे वळण काढून टाकले आणि रस्ता 300 मीटरने आखूडला. पुढचे सगळे दगड एका क्षणात खोटे ठरले. सगळे उपटून पुन्हा रोवावेत, तर जुन्या मोजणीवर लिहिलेली प्रत्येक नोंद निराधार होते. म्हणून अभियंते बहुधा एक तडजोड करतात. जिथे नवा सरळ तुकडा जुन्या रस्त्याला मिळतो, त्या बिंदूला दोन आकडे देतात, एक मागून आलेल्या मोजणीचा आणि एक पुढे चालणाऱ्या. त्यानंतरचा आकडा आरंभापासूनचे अंतर सांगतच नाही. मोजमाप होते त्याचे नाव झाले.

खंबाटकी घाटात तर रस्ता एक की दोन, हेच ठरवावे लागते. पुण्याहून साताऱ्याकडे येणारी वाहने घाट चढून येत आली आणि साताऱ्याहून पुण्याकडे जाणारी बोगद्यातून जात आली, अशी तिथली अनेक वर्षांची व्यवस्था. एका महामार्गाची जाण्याची लांबी वेगळी आणि येण्याची वेगळी. सॉफ्टवेअरमध्ये अशा ठिकाणी दोन दिशांच्या दोन रेषा ठेवाव्या लागतात. हाच महामार्ग 2010 च्या फेररचनेपर्यंत क्रमांक 4 होता, आता तो 48 आहे. दगड जागेवर राहिला, पण त्याचा पत्ता बदलला.

रस्ता आधी की चालणारा, हाही प्रश्नच आहे. बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाने मूलमध्यमककारिकेच्या दुसऱ्या प्रकरणात चालण्याचीच तपासणी केली आहे. चालून झालेली वाट आता कुणी चालत नाही, न चाललेलीही चालत नाही, मग चालणे घडते कुठे? चालणाऱ्यावाचून वाट नाही आणि वाटेवाचून चालणारा नाही. नकाशा काढणारा मात्र आधी रेषा आखतो आणि मग तिच्यावर माणसे ठेवतो. हा क्रम सोयीचा आहे, सत्याचा नाही, एवढे नागार्जुनाकडून घ्यावे.

उलटा क्रम पाहायचा तर आषाढी वारीत नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात येणाऱ्या ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीकडे पाहावे. लोणंद, चांदोबाच्या लिंबाचे उभे रिंगण, तरडगाव, फलटण, बरड अशी मुक्कामांची आणि विसाव्यांची मोजणी आहेच. पण वारकऱ्याचा स्वतःचा पत्ता निराळा: रथापुढे किंवा रथामागे, अमुक क्रमांकाची दिंडी. ज्या रथापासून मोजायचे तो रथच चालतो आहे. चुकलेली म्हातारी आजी अक्षांश-रेखांश सांगत नाही, ‘रथामागे’ म्हणते आणि दिंडीचा क्रमांक सांगते, आणि तिला तिची माणसे सापडतात. दर तासाला जमीन बदलली तरी तिचा पत्ता अढळ राहतो, कारण हजारो माणसे तो क्रम पाळतात.

पूजेच्या संकल्पातही यजमान आपले ठिकाण असेच सांगतो. द्वीप, वर्ष, खंड आणि मग गोदावरीचा दक्षिण तीर. देवापुढे उभे राहतानाही माणूस कशाच्या तरी संदर्भानेच उभा राहतो.

संबंधाने ठरणारे ठिकाण दुय्यम नाही, हा निर्णय येथे नि:शंकपणे द्यावासा वाटतो. उलट त्याची जबाबदारी मोठी, कारण ते पाळले नाही तर नाहीसे होते. राष्ट्रीय महामार्गावर सुमारे 500 मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यूचे किंवा गंभीर दुखापतीचे 5 अपघात झाले, किंवा 10 माणसे गेली, तर तो पट्टा अपघातप्रवण मानला जातो आणि दुरुस्तीच्या यादीत येतो. पंचनाम्यात ‘ढाब्याजवळ’ एवढेच लिहिले, तर पाच अपघात पाच वेगवेगळ्या ठिकाणांचे होतात आणि ते वळण तसेच राहते. मोबाइलचा बिंदू काही मीटर सरकला, तर जखमी माणूस दुभाजकाच्या दुसऱ्या बाजूला दिसतो आणि रुग्णवाहिकेला पुढच्या वळणापर्यंत जाऊन परतावे लागते.

म्हणून महामार्गावरून 108 किंवा 1033 ला फोन लावताना तीन गोष्टी सांगाव्यात: रस्ता कोणता, वाहनाचे तोंड कोणत्या गावाकडे होते, आणि शेवटचा मागे पडलेला दगड कोणत्या आकड्याचा होता. आणि त्या दगडांवर जाहिराती चिकटवू नयेत.