शिवेवरचा माग

आमच्या माणदेशात, आम्ही पोरं होतो तेव्हा, पोलीस म्हणजे एकच माणूस. कागदोपत्री तो बीट हवालदार. गाव त्याला जमादार म्हणायचं. दहा-बारा गावं त्याच्या वाट्याला. कुणी विहिरीत जीव दिला तर पंचनाम्याला तोच. बांध कोरला म्हणून डोकी फुटली तर जबाब घ्यायला तोच. कोर्टाचं समन्स तोच आणायचा, जत्रेत तमाशाच्या तंबूपुढं लाठी घेऊन तोच उभा राहायचा, आणि शेरडं चोरीला गेली तर चोरही त्यानंच हुडकायचा. माणूस आजारी पडला तर दवाखाना वेगळा, बैल आजारी पडला तर डॉक्टर वेगळा, उताऱ्याला तलाठी वेगळा. पण माणसामाणसांत जे जे बिघडतं, त्या सगळ्याला औषध एकच. खाकी कपडा.

माझे थोरले चुलते पोलीस पाटील होते. आम्ही त्यांना तात्या म्हणायचो. पिढीजात पाटीलकी १९६२च्या कायद्यानं गेली आणि १९६७च्या ग्राम पोलीस कायद्याखाली नेमणुकीचे पोलीस पाटील आले, त्यांतले ते. जमादार गावात आला की सायकल आमच्या भिंतीला लावून सोप्यात बसायचा. एकदा तो एका मयताचा पंचनामा करून आला होता. कर्जापायी माणसानं औषध घेतलं होतं, घरात दोन लहान लेकरं. चहाची बशी तशीच हातात धरून तो तात्यांना म्हणाला, "पाटील, काल यात्रंत पोरांवर वरडून वरडून घसा बसला. आन् आज त्याच घशानं त्या बाईला इचारतोय, नवरा किती वाजता गेला म्हून. आवाज म्हंजी काय सदरा हाय व्हय, एक काढून दुसरा घालायला?"

तात्या काही बोलले नाहीत. पण हा प्रश्न माझ्या डोक्यात तेव्हापासून घर करून आहे. एकाच माणसानं दरडावायचं, त्यानंच धीर द्यायचा, त्यानंच पुरावा गोळा करायचा, हे बरोबर आहे का? की ही कामं वेगवेगळ्या माणसांना वाटून द्यावीत?

हा प्रश्न काही आमच्या सोप्यापुरता नाही. अमेरिकेत मिनियापोलिसला २०२० साली जॉर्ज फ्लॉइड पोलिसाच्या गुडघ्याखाली मेला, त्यानंतर तिकडं याच्यावर मोठा वाद झाला. ओरेगन राज्यातल्या युजीन शहरात तर १९८९ सालीच एक गाडी सुरू झाली होती. कुणाचं डोकं फिरलंय, कुणी दारू पिऊन रस्त्यात पडलंय, कुणी जीव द्यायला निघालंय, असा फोन आला की पोलिसाऐवजी त्या गाडीतून एक दवापाणी जाणणारा आणि एक समजूत घालणारा अशी माणसं जायची. हातात शस्त्र नाही. आपल्याकडं प्रकाश सिंह या निवृत्त पोलीस महासंचालकांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयानं २००६ साली निकाल दिला. त्यातला एक आदेश असा की गुन्ह्याचा तपास करणारे पोलीस आणि बंदोबस्त सांभाळणारे पोलीस वेगळे करा. सुरुवात करा दहा लाखांवर वस्ती असलेल्या शहरांपासून. म्हणजे आमच्यासारख्या गावाची पाळी कधी यायची ते ज्याचं त्यानं समजून घ्यावं.

वाटणी का हवी, हे मला कुठल्या अहवालानं नाही पटवलं. आमच्या आळीतल्या एका पोरानं पटवलं. चांगला शिकलेला पोरगा. हळूहळू एकटाच बडबडायला लागला, रात्री-अपरात्री शिवारात फिरायला लागला. एक दिवस त्यानं भावावर कुऱ्हाड उगारली. लोकांनी निरोप धाडला, जमादार आला. हा जमादार नंतरचा, सायकलवाल्याच्या जागी आलेला. माणूस वाईट नव्हता. पण बरोबर काय आणलं, तर लाठी आणि दावं. खाकी बघितल्याबरोबर पोरगं पत्र्यावर चढलं. त्याची आई हात जोडून म्हणत होती, "सायेब, त्यो चोर न्हाय वो, आजारी हाय." जमादार म्हणाला, "आक्का, मला दोनच गोष्टी येत्यात. धरायचं आन् सोडायचं." पोरगं पत्र्यावरून पडलं, पाय मोडला, आणि त्या मोडक्या पायानिशी त्याला गाडीत घातलं.

आता २०१७चा मानसिक आरोग्याचा कायदा सांगतो की असा माणूस मोकाट फिरताना सापडला तर पोलिसानं त्याला संरक्षण द्यावं, चोवीस तासांच्या आत सरकारी दवाखान्यात न्यावं, आणि कोठडीत मुळीच ठेवू नये. कायदा चांगलाच आहे. पण तो अंमलात आणायला येणार कोण? तोच, ज्याला दोनच गोष्टी येतात. ज्याच्या हातात लाठी दिली आणि दुसरं काही शिकवलं नाही, त्याला प्रत्येक दुखणं लाठीजोगंच दिसणार. त्यात त्याचा दोष थोडा, ज्यांनी त्याला तेवढंच देऊन पाठवला त्यांचा जास्त.

इथवर कुणीही म्हणेल, मग करा की वाटणी. पण थांबा. दुसरी बाजू मी पुढं शाळेत मास्तर असताना पाहिली.

आमच्या वस्तीवरची एक सून. नवरा रोज मारायचा. एका सकाळी डोळा काळानिळा घेऊन ती पोलीस दूरक्षेत्रात गेली. तिथं एनसीची, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची, पावती हातात दिली आणि सांगितलं, कोर्टात जा. कोर्टापाशी कुणीतरी सांगितलं की २००५च्या कायद्यानं घरातल्या मारहाणीसाठी संरक्षण अधिकारी नेमलेला असतो, त्याला भेट. त्या अधिकाऱ्याकडं आणखी कितीतरी गावं, ते दौऱ्यावर. मग महिलांसाठी वेगळा कक्ष आहे म्हणून ती जिल्ह्याला गेली. तिथं विचारलं, आधी ठाण्यात तक्रार दिली का? गावात तंटामुक्त समिती होती. २००७ला ती मोहीम आली तेव्हा आमच्या गावानं हौसेनं फलक लावला होता. समिती म्हणाली, आपसात मिटवा. प्रत्येक दारात माणूस नीट बोलला. कुणी दरडावलं नाही. आणि प्रत्येकानं एकच वाक्य सांगितलं, "हे आमच्याकडं न्हाई येत."

तिसऱ्या खेपेला ती शाळेच्या व्हरांड्यात अर्ज लिहून घ्यायला आली. मी विचारलं, "बाई, कुणाच्या नावानं लिहू?" ती म्हणाली, "गुरुजी, समद्यांच्या नावानं लिवा. ज्याला लागंल त्यो घील." तसा अर्ज कुठल्या कार्यालयात चालतो! पण तिचं चुकलं काय, ते मला आजवर सांगता आलेलं नाही. एकाच जमादाराच्या जमान्यात निदान शिवी द्यायला तरी एक माणूस होता. आता सात दारं झाली आणि शिवी द्यावी असं कुणीच राहिलं नाही.

म्हणजे खरा प्रश्न कामाच्या वाटणीचा नाही, जबाबदारीच्या वाटणीचा आहे. काम वाटलं की जबाबदारी आपोआप वाटली जाते असं आपण धरून चालतो. ती वाटली जात नाही. सांडते.

याच्यावर तात्यांनी सांगितलेली एक जुनी रीत मला आठवते. पूर्वी गावाच्या राखणीला रामोशी असत. गावात चोरी झाली की पावलांचा माग काढायचं काम त्यांचं. नुसत्या टाचेच्या ठशावरून माणूस लंगडा की भारवाही हे सांगणारे जाणते त्यांच्यात होते. माग काढत काढत ते शिवेपर्यंत जायचे. माग शिवेपलीकडं गेला तर पलीकडच्या गावच्या राखणदाराला बोलावून घ्यायचं, त्याला पाऊल दाखवायचं, त्यानं ते कबूल करायचं. तात्या सांगायचे, तो येईस्तोवर वाऱ्यानं पाऊल पुसू नये म्हणून त्याच्यावर पाटी पालथी घालून ठेवत. पलीकडच्यानं माग घेतला की चोरी शोधायचा भार त्याच्या गावावर. आणि माग पुढं लावून देता आला नाही, तर चोरीची भरपाई ज्याच्या हद्दीत माग संपला त्यानं करायची.

या रीतीत काम वाटलेलं होतं, हद्दी ठरलेल्या होत्या. पण 'हे आमच्याकडं येत नाही' एवढं म्हणून घरी जायची सोय नव्हती. पुढचा माणूस शिवेवर येऊन 'घेतला' म्हणेपर्यंत माग तुझाच.

अलीकडं कायद्यात याच्यासारखी एक गोष्ट आली आहे. गुन्हा कुठल्याही हद्दीत घडो, जवळच्या ठाण्यानं तो नोंदवून घ्यायचा आणि मग ज्याच्या हद्दीतला त्याच्याकडं पाठवायचा. झिरो एफआयआर म्हणतात त्याला. २०२४च्या जुलैपासून नव्या कायद्यात त्याला पक्की जागा मिळाली. हे शहाणपण हद्दीपुरतं आहे. तेच शहाणपण कामाच्या वाटणीला लावावं, इतकंच माझं म्हणणं. सून दूरक्षेत्रात आली तर तिथल्या अंमलदारानं तिला पत्ता सांगून वाटेला लावू नये. संरक्षण अधिकाऱ्याला त्यानंच फोन करावा, त्याचं नाव डायरीत लिहावं, आणि 'घेतला' असं उत्तर येईस्तोवर ती बाई आपलीच समजावी.

पण जुन्या रीतीचं कौतुक करताना तिच्या पोटातलं विषही सांगितलं पाहिजे. राखण रामोशांनी करायची, वेस महारांनी सांभाळायची, पाटीलकी पाटलाच्या पोराला. काम जन्मानं चिकटलेलं. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली हेच बजावलं होतं की जातीनं कामाची वाटणी केली नाही, काम करणाऱ्या माणसांचीच केली. आणि ज्या समाजाच्या हाती गावानं रात्रीची राखण दिली, तोच समाज पुढं सरकारच्या नजरेत संशयित झाला. आज रामोशांचं नाव विमुक्त जातींच्या यादीत आहे. एका माणसाला पिढ्यान्‌पिढ्या एकच काम दिलं की त्या कामाचा रंग त्याच्या कातडीला लागतो, असं आपल्या गावगाड्यानं दाखवून दिलंय.

पोलिसांची वाटणी करताना मला हीच भीती वाटते. समजा, मऊ बोलणारे एका बाजूला काढले, तपासाची डोकी दुसऱ्या बाजूला. मग लाठीवाल्यांत कोण उरेल? ज्यांना फक्त लाठीच चालवायची आहे ते. आमचा सायकलवाला जमादार एका दुष्काळात छावणीवर चाऱ्यासाठी गर्दी उसळली तेव्हा बंदोबस्ताला होता. वरून हुकूम होता, लोक मागं हटवा. त्यानं लाठी आडवी धरली, उगारली नाही. तात्यांनी नंतर विचारलं तर म्हणाला, "पाटील, फुडच्या रांगंत ती दोन लेकरांची आई उभी हुती. तिच्या घरचा पंचनामा म्याच केलाय." बाहेरून आणलेल्या तुकडीतल्या माणसाला ती बाई फक्त गर्दी दिसली असती.

एका माणसानं सगळी कामं करण्यातली ही एवढी एक पुण्याई होती, आणि वाटणीत ती जाऊ द्यायला माझं मन तयार नाही.

मग काय करावं? मला वाटतं, कसब वाटावं, माणसं वाटू नयेत. तपास हे शिकून यायचं काम आहे. नव्या कायद्यानं सात वर्षं आणि त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञानं जागेवर यायचं सांगितलंय, ते योग्यच. बिथरलेल्या पोराला धरायला न जाता बोलायला जाणारं माणूस तालुक्याला असावं, आणि त्याच्याबरोबर वस्तीवरची आशाताई असावी, कारण पोराला तिची ओळख असते. पण जो आज बंदोबस्ताला उभा आहे त्यानं वर्षातले काही महिने मयताच्या घरी, मारहाण झालेल्या बाईपुढं, हरवलेल्या पोराच्या बापापुढं बसलंच पाहिजे. नाहीतर उद्या लाठीवाल्यांची एक जात तयार होईल आणि कळवळ्याची दुसरी, आणि दोघांची रोटीबेटी बंद.

यावर खर्चाचं कारण पुढं येईल, मनुष्यबळाचं येईल. ती कारणं खोटी नाहीत. दहा-बारा गावांना एक माणूस पुरत नाही तिथं पाच तऱ्हेची माणसं कुठून आणणार, असं विचारलं तर माझ्याकडं आकडे नाहीत. पण 'माग माझ्याकडं आहे' हे डायरीत लिहून सही करायला नवी भरती लागत नाही. शाई लागते, आणि सही करणाऱ्याला उद्या कुणीतरी जाब विचारेल अशी व्यवस्था लागते. जाब विचारण्याचं काम गावानंही उचलावं. पुढच्या ग्रामसभेला पोलीस पाटील येतील, बीट अंमलदार येईल. रस्ता, पाणी, दिवाबत्ती झाली की त्यांना एवढंच विचारावं, या महिन्यात आपल्या गावातून कोण कोण तुमच्या दारात आलं, त्यांना तुम्ही पुढं कुणाकडं दिलं, आणि त्यानं घेतलं का?