गुडघ्याचं राहिलं

पहाटे पाचला उठून वीस मिनिटं डोळे मिटून बसायचं, असं मी गेल्या दिवाळीत ठरवलं होतं. तिसऱ्या मिनिटाला धाकटी रडत उठली. पाचव्या मिनिटाला थोरला, "आई, ती का रडतेय?" विचारत मांडीत येऊन बसला. आठवडाभर हेच. मग मी नाद सोडला आणि निदान झोप तरी पदरात पाडून घेतली.

मनःशांतीविषयी जे काही वाचायला मिळतं, त्यात एक रिकामी खोली गृहीत धरलेली असते. तिचं दार लावता येतं, आणि दाराबाहेरचं सगळं दुसरं कुणीतरी बघत असतं. घरदार सोडून गेलेल्यांचं एक वेळ ठीक आहे. पण एकनाथांनी पैठणला गिरिजाबाईंबरोबर संसार केला. संसारात राहून परमार्थ साधता येतो याचा दाखला म्हणून आपण त्यांच्याकडेच बोट दाखवतो. नाथ पूजेला बसले की पोरांना कोण घेत असेल, हा प्रश्न मात्र मला आई झाल्यावरच पडला.

जात्यावर बसणाऱ्या बायकांना ती खोली कधी नव्हतीच. पहाटेचा अंधार, खुंट्यावर हात, मांडीवर पेंगणारं मूल. पहिली ओवी देवाच्या नावाने घालायची, मग माहेर, भाऊ, लेकरू, सासूचा जाच, पुन्हा विठ्ठल. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून अशा १ लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या वाचताना जाणवतं, की देवाचं कुठे संपलं आणि लेकराचं कुठे सुरू झालं याची हद्द त्या बायकांनी आखलीच नव्हती. हात गुंतलेले, तोंड मोकळं. आणि दळणाऱ्या बाईला सहसा कुणी उठवत नाही. एवढीच काय ती सवड. तिचे गोडवे गायला मी धजणार नाही. गावात पिठाची गिरणी आली तेव्हा बायकांनी जातं कोपऱ्यात ढकलून सुटकेचा श्वास टाकला असेल, तर बरोबरच केलं.

अशाच दळणाकांडणात जन्म गेलेली नामदेवांघरची जनाबाई. पंढरीचा विठोबा दोन्ही हात कमरेवर ठेवून उभा आहे. जनीच्या नावावरच्या अभंगात मात्र तो लेकुरवाळा आहे, अंगाखांद्यावर सगळे संत. कामाने पिचलेल्या बाईला देवाचे हात रिकामे दिसले नाहीत, यात नवल नाही. (आमच्याकडे कमरेवर हात ठेवून मी उभी राहिले, की मुलं खेळणी आवरायला लागतात. तोही एक विठ्ठलच म्हणायचा.)

आमच्या घरी तिन्हीसांजेला रामरक्षा म्हणायची रीत आहे. ३८ श्लोक, माझ्या आईच्या तोंडून सलग ऐकलेले. माझे सलग होत नाहीत. मध्येच कुणाला शी होते, कुणाचं दूध सांडतं, कुकरची शिट्टी मोजायची राहते. सुरुवातीला मी परत पहिल्यापासून म्हणायचे. तुटलं म्हणजे वाया गेलं, अशी माझी समजूत. आता जिथे तुटतं तिथूनच उचलते. सासूबाईंना भीतभीत सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "अगं, मीही तुझ्या नवऱ्याच्या वेळी तेच केलं." चाळीस वर्षं हे गुपित त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं.

रामरक्षेचं कवच डोक्यापासून पायापर्यंत एकेक अवयव घेत उतरतं. डोळे कौसल्येच्या मुलाकडे सोपवलेले, कान विश्वामित्राच्या लाडक्याकडे. मुलाला न्हाऊ घालताना हात असाच खाली येतो: कपाळ, कानामागे, मानेची वळी, पोट. धाकटीला ताप होता त्या रात्री ओल्या पट्ट्या बदलता बदलता मी तेवढंच पुटपुटत होते. ताप त्याने उतरला नाही. औषधाने, पहाटे उतरला. पण तोवर माझ्या हाताला आणि जिभेला एक लय होती, आणि त्या लयीवर मी जागी राहू शकले.

परवा थोरला सायकलवरून पडून गुडघा फोडून आला. संध्याकाळी नेहमीप्रमाणे मधूनच दाराची बेल वाजली, मी उठले, परत आले आणि भलत्याच श्लोकापासून सुरू केलं. तो पायावरचं बँडेज चाचपत म्हणाला, "गुडघ्याचं राहिलं."

मी मागे गेले. गुडघे सेतू बांधणाऱ्याच्या वाट्याला आहेत.