गुण संख्येचा की लिहिण्याचा?

नागपूर-हावडा मार्गावरच्या मालगाड्या आमगाव स्थानकातून जातात, तेव्हा प्रत्येक वाघिणीच्या अंगावर अकरा अंकी क्रमांक दिसतो. त्यातला शेवटचा अंक पहारेकरी असतो. पहिल्या दहांपैकी सम स्थानांवरच्या अंकांची बेरीज तिप्पट करावी, तीत उरलेल्या पाचांची बेरीज मिळवावी. पुढचे दशक पुरे व्हायला जेवढे कमी पडेल तेवढा अकरावा अंक. उतरवून घेताना एखादा अंक चुकला, की हिशेब बसत नाही.

अंकांशी असला खेळ दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (1905–1986) या देवळालीच्या शाळामास्तरांनी जन्मभर मांडला. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने जिला निःशेष भाग जातो, त्या संख्येला त्यांनी ‘हर्षद’ म्हटले. आणखी एका कुळाला ‘डेमलो’ हे रेल्वे स्थानकाचे नाव दिले. ते स्थानक म्हणजे आजची डोंबिवली! नऊ एके ओळीने लिहून त्या संख्येचा वर्ग केला, तर 12345678987654321 येतो. हा डेमलो. याच्या अंकांची बेरीज 81, आणि 81 ने भागले तर येतात नेमके 152415789971041. म्हणजे स्वारी हर्षदही आहे.

इंग्रज गणिती हार्डी यांनी 1940 साली अशा अंकचमत्कारांना कोड्यांच्या सदरात बसवून टाकले. गणितज्ञाने मोहावे असे त्यात काही नाही, म्हणाले. कापरेकरांचे नाव तिथे नाही, पण घाव त्यांच्याच अंगणात पडतो. आणि आक्षेप पोकळ नाही. धानाच्या सतरा पेंढ्या एकाहून अधिक सारख्या रांगांत लावून पाहा. कोणत्याही लिपीत मोजा, लागणार नाहीत. हा संख्येचा स्वतःचा स्वभाव. बारा मात्र हर्षद आहे तो आपण दहादहांनी मोजतो म्हणून. आठाआठांनी मोजणाऱ्याच्या वहीत बारा ‘14’ असा लिहिला जाईल, बेरीज पाच होईल, आणि पाचाने बाराला भाग जात नाही. गेला हर्ष!

मग एका माणसाचे आयुष्य आपल्याच बोटांच्या सावलीमागे धावण्यात गेले म्हणायचे का? मला तसे वाटत नाही. दिवाळीत दारापुढे ठिपके किती घालायचे हे घरची मुलगी ठरवते. पण एकदा घातले, की कोणती रेघ जुळेल आणि कोणती अडेल हे तिच्या हाती राहत नाही. मांडणी आपली असली म्हणून तीत सापडलेले सत्यही आपल्या मर्जीचे होत नाही. हार्डींना खोली हवी होती. ती मागण्याचा त्यांना अधिकार होता. पण खोल नाही ते खोटे, असे काही ठरत नाही.

पडताळा हवा असेल, तर त्या नऊ एक्यांना दहावा जोडून वर्ग करा. डौल पुढेही चालेल असे वाटते. पण मध्येच हातचा येतो, चढत्या बाजूचा आठ गळतो आणि पाटीवर उरतात 1234567900987654321.